दोन मिलिसेकंद

लाल आणि हिरवा मला एकच दिसतो,
दगडावर सुकत टाकलेल्या जुन्या जाळ्यासारखा.
एकोणिसाव्या वर्षी बंदरावरच्या डॉक्टर स्तेइनग्रीमुरनं
दोन कंदील धरले समोर. म्हणाला, डाव्या अंगाचा कुठला?
मी म्हणालो, तुमच्या डाव्या हातातला.
तो पोट धरून हसला,
आणि जहाजाचं सुकाणू माझ्या हातून गेलं.

मग अडतीस वर्षं माशांच्या कारखान्यात
पट्टे, बेअरिंगं, मोटारी.
वायरी मी गाठींनी ओळखायचो:
एक गाठ, दोन गाठी, बिनगाठीची.
कुणाला शॉक बसला नाही. एकदा मलाच बसला.

वेस्टफ्योर्डमधलं आमचं गाव
तीन बाजूंनी डोंगरांनी दाबलेलं.
नोव्हेंबर संपता संपता सूर्य जातो तो जातोच,
समोरच्या कड्यावर ऊन दिसतं, दुसऱ्याच्या ताटातल्या लोण्यासारखं,
रस्त्यावर उतरत नाही.

स्वाला, माझ्या लेकीची लेक, अकरा वर्षांची.
तिच्या खोलीला खिडकी नाही.
म्हणाली, बाहेर जो रंग असेल तो माझ्या भिंतीवर आण.
आता हे मागायचं कुणाकडे, तर माझ्याकडे!

मसुरीएवढे तीन सेन्सर,
त्यांच्यावर चॉकलेटच्या चांद्यांचे पारदर्शक तुकडे.
कुठला कुठला ते तिनं सांगितलं, मी वायरींना गाठी मारल्या.
काड्यापेटीएवढा मायक्रोकंट्रोलर, त्यावर नखाएवढी चिप,
आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत बर्फाकडे तोंड करून बसवलेलं हे सगळं बिऱ्हाड.
एक दिवा तिच्या भिंतीवर, एक इथेच, माझ्या खात्रीसाठी.
पडद्यावर आकडे आले:
लाल दोनशे बारा, हिरवा तीनशे चार, निळा सातशे नव्वद.
आयुष्यात पहिल्यांदा मी रंगाबद्दल
कुणाला न विचारता बोललो.
निळा आहे, म्हणालो. ती म्हणाली, हो, निळाच.

संध्याकाळी मात्र तिची हाक:
आजोबा, बाहेर काळोख झाला कधीच,
हा अजून निळा ओरडतोय!

खिडकीतला दिवा सेन्सरवर पडत होता.
निळा दिसला म्हणून तो निळा झाला,
निळा झाला म्हणून आणखी निळा दिसला.
दिवा स्वतःलाच आभाळ समजू लागला होता.
दिव्याखाली अंधार म्हणतात.
इथे तो असता तर बरं झालं असतं.

पुठ्ठा लावला, काळी पट्टी लावली, शिव्या दिल्या.
तिसऱ्या रात्री चार ओळी लिहिल्या:
दर सेकंदाला दोन मिलिसेकंद विझ,
तेवढ्यात बाहेर बघ,
मग पेट.
माणसाच्या डोळ्याला हे विझणं कळत नाही.
स्वालाला विचारलं, लुकलुकतोय का?
म्हणाली, नाही, उलट आता तो शहाण्यासारखा वागतोय.

पंचवीस जानेवारीला
गुनहिल्दुरच्या अंगणात साखर भुरभुरलेली पातळ धिरडी, कॉफी,
सगळी गल्ली मान वर करून उभी.
मी आत, आकड्यांशी.
लाल चारशे. लाल सहाशे तीस. नऊशे एकसष्ट.
मग तिन्ही एकदम एक हजार तेवीस,
आणि तिथेच थांबले.
त्यापुढचा आकडा या चिपकडे नाही.
बिचारी पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिली.

मोज्यांवरच बाहेर गेलो.
स्वालानं अर्धं धिरडं हातावर ठेवलं, गरम,
तिच्या अंगठ्याचा ठसा उमटलेलं.
कड्याच्या खाचेतून ऊन थेट तोंडावर आलं
आणि मी डोळे मिटले,
दोन मिलिसेकंद नव्हे, चांगले मिनिटभर.

पापण्यांमागे एक रंग आला.
त्याला किती गाठी मारायच्या
ते मी स्वालाला विचारणार होतो,
पण तिच्या तोंडात घास होता.